रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

अंजनगाव सुर्जी हे नाव आपल्याला माहीत असतं ते शाळेतल्या इतिहासामुळे. ३० डिसेंबर १८०३, इंग्रज आणि दौलतराव शिंदे यांचा तह, दोन मार्कांचा प्रश्न. संपला विषय! गाव अमरावती जिल्ह्यातलं, पानमळ्यांचं आणि पानपिंपळीचं. उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि त्यांच्या पलीकडे पसरलेला मेळघाट. आजची गोष्ट मात्र तहाची नाही, त्या मेळघाटात राहणाऱ्या एका वीतभर घुबडाची आहे. रानपिंगळ्याची.

डिसेंबर १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रजाला आजच्या छत्तीसगडच्या भागात हा पक्षी मिळाला. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविटचं नाव दिलं ते अ‍ॅलन ह्यूम यांनी. हो, तेच ते, १८८५ च्या काँग्रेसवाले ह्यूम. पुढे डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याकडे आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा गायब.

कागदावर शेवटची नोंद होती ती १९१४ ची. रिचर्ड माइनर्ट्सहागन नावाच्या बड्या पक्षीतज्ज्ञाने गुजरातमधल्या मांडवीजवळ एक नमुना मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. माणूस मोठा, लष्करी अधिकारी, शंका कोण घेणार? पण अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी नव्वदच्या दशकात तो नमुना नीट तपासला, एक्स-रेसुद्धा काढले. निघालं काय? तो डेव्हिडसनचाच जुना नमुना! संग्रहालयातून पळवलेला, पुन्हा शिवलेला आणि वर नवीन चिठ्ठी लावलेला.

आमच्या धंद्यात याला खराब डेटा म्हणतात. डेटा नसला तर निदान आपण शोधत तरी राहतो. खोटा डेटा आपल्याला भलतीकडेच पाठवतो, तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

रासमुसेन यांनी मांडवीवर काट मारली आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत जुन्या, खऱ्या पत्त्यांवर शोध सुरू केला. आधी पूर्वेकडची ठिकाणं पालथी घातली, हाती काही नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी लख्ख उजेडात एका निष्पर्ण झाडावर स्वारी बसलेली! ११३ वर्षांनी. पुढच्या काही वर्षांत तो मेळघाटातही सापडला आणि २०१४ मध्ये तर चक्क ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात. म्हणजे पक्षी होताच. चुकलेला होता तो पत्ता.

आता हिवाळा आलाय, म्हणजे गळ्यात कॅमेरे आलेच. सागाची पानं गळू लागली की घुबडं दिसायला सोपी जातात. गावातल्या वडा-चिंचेच्या ढोलीत दिसतो तो बहुधा साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट. शिवाय हा गडी दिवसाही शिकार करतो.

इथेच खरी गोम आहे. रानपिंगळ्याचा विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे आपल्या फोटोंचा सीझन तोच त्याच्या पिल्लांचा. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं सोपं आहे. पण त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. अंडी-पिल्लं सोडून तो भांडायला येतो आणि आपल्याला फोटो मिळतो. कशाच्या बदल्यात? २०१८ पासून तो 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी सुधारून 'संकटग्रस्त' झालाय, एवढंच. संकट टळलेलं नाही.

तेव्हा मंडळी, फोटो लांबूनच काढा, थोडा धूसर आला तरी चालेल. तारीख, वेळ, जागा तिथल्या तिथे खरी लिहून ठेवा. ढोलीचा नेमका पत्ता वनखात्याला किंवा अभ्यासकांना द्या, चारचौघांत नको. डेव्हिडसनच्या नमुन्यांवरच्या साध्यासुध्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, म्हणून शतकानंतर पक्षी सापडला. आपल्या मेमरी कार्डावरचा एखादा धूसर फोटोही उद्या कुणाला असाच उपयोगी पडेल. अट एकच, चिठ्ठी खरी हवी.