मुक्त व्यापारजाळे आणि जुन्नर-आंबेगावची बाजारपेठ

मुक्त व्यापारजाळे : ग्राहक, विक्रेता, माल पोहोचवणारा आणि पैसे वळते करणारा हे सगळे एकाच कंपनीच्या दुकानात न शिरता, सर्वांना सारख्याच असलेल्या तांत्रिक नियमांनी एकमेकांशी व्यवहार करू शकतील अशी डिजिटल व्यवस्था. भारतातील तिचे प्रमुख रूप म्हणजे ‘ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स’ (ओएनडीसी). केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर, भोपाळ, शिलाँग आणि कोइमतूर येथे चाचणी सुरू झाली, आणि सप्टेंबर २०२२ अखेर बंगळूरमध्ये जाळे सर्वसामान्य ग्राहकांना खुले झाले. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या प्रस्थापित बाजारमंचांना अशी व्यवस्था टक्कर देऊ शकेल का, हा तिच्याविषयीचा मुख्य प्रश्न. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शेतमालाचा व्यापार इतका दाट आहे, की हा प्रश्न येथे प्रत्यक्ष मालावर तपासता येतो.

बाजारमंचावर यादी, शोध, पैसे, पोहोच आणि तक्रार या पाचही गोष्टी एका मालकाच्या हाती असतात. मुक्त जाळ्यात त्या सुट्या होतात. ग्राहक आपल्या ॲपवर ‘टोमॅटो’ असे शोधतो. ती विचारणा जाळ्यातील विक्रेत्यांच्या ॲपांकडे जाते, त्यांची उत्तरे परत येतात, आणि मागणी पक्की झाल्यावर वाहतूकदार तिसऱ्याच ॲपमधून निवडला जातो. या संवादाचे नियम ‘बेकन’ नावाच्या खुल्या प्रणालीवर बेतलेले आहेत. विक्रेत्याने एका ठिकाणी नोंदणी केली की जाळ्यातील प्रत्येक ग्राहक-ॲपवर त्याचा माल दिसू शकतो. यादीत कोणाला वर ठेवायचे हे ठरवणारा एकच मालक उरत नाही, हा या रचनेचा खरा लाभ. बडे मंच काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप देतात या आरोपावरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला होता, हे लक्षात घेतले की या लाभाचे मोल कळते.

येथील बाजार. पुणे-नाशिक महामार्गावर खेडचा घाट चढून आले की पेठ लागते, पुढे मंचर, कळंब, नारायणगाव आणि आळेफाटा. या रस्त्याने मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही बाजूंना माल जातो. रस्ते बदलले, व्यापार जुनाच आहे. कोकणातून देशावर येणारा नाणेघाट सातवाहन काळापासून वाहता होता, आणि जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यापाऱ्यांची संघटना. त्या काळीही येथील व्यापाऱ्यांची संघटित संस्था होती आणि ती दान देण्याइतकी सक्षम होती, एवढे या नोंदीवरून म्हणता येते.

आज ती जागा बाजार समित्यांनी घेतली आहे. आंबेगावची समिती मंचरला. जुन्नरच्या समितीचे नारायणगाव, ओतूर, आळेफाटा आणि बेल्हे येथे उपबाजार. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे पाणी आले आणि त्याबरोबर कांदा, टोमॅटो, बटाटा, द्राक्ष आणि पालेभाज्या आल्या. कांद्याचा भाव येथे दहा किलोवर बोलला जातो, कोथिंबीर-मेथीचा शेकडा जुड्यांवर, टोमॅटोचा वीस किलोच्या क्रेटवर. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात व्यापारी क्रेटमधला माल हाताळतो, रंग आणि घट्टपणा पाहतो, मग भाव करतो. दिल्ली-गुजरातला जाणारा माल थोडा कच्चा लागतो, जवळच्या बाजाराला लाल चालतो. हे ज्ञान त्याच्या बोटांत असते. कोणत्याही ॲपच्या छायाचित्रात ते अजून उतरलेले नाही.

या बाजारांत शेतकऱ्याचा माल आडत, म्हणजे दलाली, घेऊन विकून देणारा मध्यस्थ तो आडत्या. त्याच्यावर टीका पुष्कळ होते आणि तिला आधारही आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, ते याच तक्रारींमुळे. तरीही आडत्याच्या कामाची बेरीज नीट मांडली पाहिजे. तो ग्राहक आणतो, पैसे वसूल होण्याची जोखीम घेतो, हिशेबपट्टी देतो आणि लागवडीच्या वेळी बियाणे-औषधांसाठी उचलही देतो. बाजारमंच अशीच कामे शहरी ग्राहकासाठी करतो : माल खराब निघाला तर पैसे परत आणि ठरल्या वेळी पोहोच. मुक्त जाळे या दोघांशी स्पर्धा करते तेव्हा ही कामे कोणाच्या अंगावर पडतात, यावर सगळे अवलंबून आहे.

जुलै २०२३. येथील बाजार आणि मुक्त जाळे या दोन जगांची गाठ एकदा प्रत्यक्ष पडली. देशभर टोमॅटोची टंचाई झाली आणि नारायणगावात क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला. केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांना महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातील बाजारांतून टोमॅटो खरेदी करून तो ग्राहकांना सवलतीत विकण्यास सांगितले. एनसीसीएफचा सुरुवातीचा किलोला ९० रुपयांचा दर ८० आणि मग ७० वर आला, आणि २२ जुलैपासून दिल्लीत हा टोमॅटो ओएनडीसीवरून घरपोच मिळू लागला. एका मागणीला कमाल दोन किलो. जाळ्याने काही दिवसांत एक नवा विक्रेता हजारो घरांपुढे उभा केला, ही त्याची ताकद. पण खरेदी नेहमीच्या बाजारांतच झाली होती, तोटा सरकारने सोसला होता, आणि जाळ्याचे काम दिल्लीतल्या शेवटच्या काही किलोमीटरपुरते होते. शेतकऱ्याला मिळालेला भाव टंचाईने ठरला, जाळ्याने नाही.

टक्कर कितपत. डिसेंबर २०२४ मध्ये ओएनडीसीवरील महिन्याचे व्यवहार दीड कोटीच्या आसपास पोहोचले. मात्र त्यांत रिक्षा-टॅक्सीच्या फेऱ्यांचा वाटा मोठा होता. बंगळूरच्या ‘नम्म यात्री’ या रिक्षासेवेचे यश हे मुक्त जाळ्याचे सर्वांत ठोस उदाहरण मानले पाहिजे, कारण तेथे माल नाही, साठवण नाही, नासाडी नाही. किराणा आणि खाद्यपदार्थांत चित्र वेगळे दिसले : २०२३ मध्ये सवलतींच्या जोरावर मागण्या वाढल्या, आणि पुढे प्रोत्साहन रक्कम आटली तशा किरकोळ मागण्याही ओसरल्या. तक्रार निवारणाची यंत्रणा जाळ्यात आहे. पण ग्राहकाचे ॲप, विक्रेत्याचे ॲप आणि वाहतूकदार असे तीन पक्ष असले की कुजलेल्या पेटीचे पैसे कोणी भरायचे, हे ठरायला वेळ जातो. मंच तो निर्णय एका घटकेत देतो आणि ग्राहक तिथेच टिकतो.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाच्या समर्थकांनी मनावर घेतली पाहिजे. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय हीही सर्वांना खुली व्यवस्था आहे, आणि तरी तिच्यावरील सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपांवरून होतात. नियम खुले ठेवल्याने दार उघडते. दारात कोण उभा राहील हे पैशाची गुंतवणूक आणि ग्राहकाची सवय ठरवते. म्हणून ओएनडीसी बड्या मंचांची जागा घेईल ही अपेक्षा फोल आहे. त्यांच्या अटींना पर्याय म्हणून ती उभी राहू शकते, आणि लहान विक्रेत्याला वाटाघाटीत तेवढाही आधार मोठा असतो.

उत्पादक कंपन्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने दिलेल्या माहितीनुसार दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेतील नोंदणीकृत ८,००० पैकी सुमारे ५,००० संघटना ओएनडीसीवर दाखल झाल्या होत्या. दाखल होणे आणि रोज विकणे यांत अंतर आहे, आणि ते मालाच्या स्वभावावर ठरते. कोथिंबीर सकाळी काढली की रात्री वाशीच्या बाजारात पोहोचली पाहिजे. तिला जाळ्यावरील सुट्या ग्राहकाची वाट पाहता येत नाही. जुन्नरच्या काळ्या द्राक्षांना परदेशी बाजार आहे, पण त्याला शीतगृह आणि घाऊक करार लागतात. याउलट भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे गोळा करतात तो बाळहिरडा वाळलेला, हलका आणि टिकाऊ असतो, औषधासाठी त्याला देशभर मागणी असते, आणि आजवर तो प्रामुख्याने व्यापारी किंवा आदिवासी विकास महामंडळ यांना प्रक्रियेविना विकला जातो. मुक्त जाळ्याचा या भागाला सर्वाधिक उपयोग अशा मालासाठी होईल. हातसडीचा तांदूळ, पापड-लोणची आणि मध हेही त्याच वर्गातले. त्यासाठीचा खर्च फोनवरील नोंदणीत नाही. तो वाळवण, प्रतवारी, पॅकिंग, अन्नसुरक्षा परवाना आणि डोंगरातल्या वाडीपासून मंचर किंवा नारायणगावपर्यंतच्या वाहतुकीत आहे, आणि तो उचलण्याइतके भांडवल तालुक्यातल्या उत्पादक कंपनीलाच उभे करावे लागते.