कॉकपिट रचनेतील मानवी घटक
कॉकपिट रचनेतील मानवी घटक ही अभियांत्रिकी व मानसशास्त्र यांना जोडणारी अभ्यासशाखा आहे. वैमानिकाचे आकलन, स्मरण व थकवा यांच्या मर्यादा लक्षात घेऊन विमानातील नियंत्रक व दर्शक कसे असावेत, याचा तीत विचार होतो.

इतिहास
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे काही वैमानिक धावपट्टीवर उतरल्यानंतर पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चुकून चाके आत घेत. दोन्हींचे खटके शेजारी व सारखेच असल्याचे मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चॅपनिस यांनी १९४३ मध्ये निदर्शनास आणले. त्यांना अनुक्रमे पाचरीचा व चाकाचा आकार दिल्यावर स्पर्शानेच फरक कळू लागला.

२० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्गजवळ एअरबस ए३२० विमान डोंगरावर आदळून ८७ जण मृत्युमुखी पडले. ३.३ अंशांचा उतारकोन आणि मिनिटाला ३,३०० फूट उतरण्याचा वेग एकाच दर्शकावर ‘-३.३’ व ‘-३३’ असे दिसत. त्यातून गोंधळ झाला असावा, अशी शक्यता तपासात मांडली गेली. पुढे हा वेग चार अंकांत दाखवला जाऊ लागला.

मूल्यमापन
नव्या रचनेची चाचणी सिम्युलेटरमध्ये घेतात. तीत वैमानिकांच्या चुका, प्रतिसादाचा वेळ, नजरेची हालचाल व मानसिक भार मोजतात.