सार्थवाहांची न पोहोचलेली पत्रे

‘रेशीम मार्ग’ हे नाव प्राचीन नाही. रिश्टहोफेन ह्या जर्मन भूगोलवेत्त्याने ते १८७७ साली रूढ केले. ज्यांनी हे मार्ग प्रत्यक्ष तुडविले, त्यांना असा एखादा अखंड राजमार्ग ठाऊक नव्हता. माल हातोहात, टप्प्याटप्प्याने पुढे सरके. म्हणून जागोजागी विश्वासाची माणसे वस्तीला असणे, हेच ह्या व्यापाराचे खरे भांडवल होय. ते ज्यांनी मोठ्या कौशल्याने उभे केले, त्या सोग्दी लोकांचा अल्प परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

सोग्द म्हणजे जरफशान नदीचे खोरे. समरकंद, बुखारा व पंजिकंद ही त्यातील नगरे आज उझबेकिस्तान व ताजिकिस्तान ह्या देशांत मोडतात. सोग्दींनी साम्राज्य स्थापिले नाही; तथापि इसवी सनाच्या चौथ्या ते आठव्या शतकांत मध्य आशियाच्या व्यापारात त्यांची भाषा दूरवर चाले. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात, शातियाल येथील शिळांवर, ब्राह्मी लेखांच्या शेजारी त्यांचे शेकडो लेख कोरलेले आहेत. बहुतेकांत केवळ स्वतःचे व पित्याचे नाव आढळते. एका लेखात मात्र भावाची सुखरूप भेट लवकर घडावी, अशी प्रार्थना आहे. तांड्याच्या नायकाला ते ‘सार्तपाव’ म्हणत. आपल्या ‘सार्थवाह’ शब्दाचाच हा आप्त. चीनमध्ये ह्याच शब्दाचे ‘साबाओ’ झाले आणि ते परदेशस्थ वसाहतीच्या प्रमुखाचे अधिकारपद बनले. इ. स. ५७९ मध्ये मरण पावलेल्या आन जिया नामक अशा एका प्रमुखाची कबर २००० साली शीआन येथे उघडकीस आली.

परंतु ह्या समाजाचे अंतरंग कबरींहून अधिक उलगडते ते काही कागदांतून. १९०७ साली ऑरेल स्टाइन ह्यांना चीनच्या पश्चिम सीमेवर, दुनह्वांगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी पत्रे सापडली. ती इ. स. ३१३ च्या सुमाराची मानली जातात. इच्छित स्थळी ती कधी पोहोचलीच नाहीत.

त्यांतील एक पत्र ननाय-वंदक नावाच्या व्यापाऱ्याने समरकंदला धाडले होते. लोयांग राजधानी जळाली, बादशहा पळाला, आणि तेथील भारतीय व सोग्दी उपासमारीने मेले, असे वर्तमान त्यात आहे. लोयांगचा हा विध्वंस ३११ सालचा. एवढ्या प्रलयातही पत्रलेखकाला तख्सीच-वंदक नावाच्या एका पोरक्या मुलाचा विसर पडलेला नाही. ठेवलेल्या रकमेचे व्याज मुद्दलात मिळवीत जावे, धाडलेल्या कस्तुरीच्या बत्तीस नाभींचे पाच वाटे करून तीन त्या मुलाला द्यावेत, असे त्याने बजावले आहे.

दुसरी दोन पत्रे मिवनाय नावाच्या स्त्रीची आहेत. आई व भावांचे न ऐकता ती पतीच्या आज्ञेने दुनह्वांगला आली. पती परागंदा झाला. तीन वर्षे लोटली. माहेरी पोहोचवा म्हणून तिने वसाहतीतील जाणत्यांची व पतीच्या नातलगांची विनवणी केली. कोणीही तिला नेले नाही. कर्जापायी मायलेकींवर चिनी लोकांच्या घरी चाकरी करण्याची पाळी आली. पतीला लिहिलेल्या पत्रात तिचा संताप मावत नाही. त्याच्यापेक्षा जनावराचे पत्नीपद तिला बरे वाटते.

एकाच टपालात ही दोन्ही चित्रे आहेत. हजारो मैलांवरील पोरक्याचा हिशेब चोख ठेवणारा हा समाज दाराशी उभ्या असलेल्या एका बाईला माहेरची वाट दाखवू शकला नाही. दोहोंपैकी एकच चित्र पाहून त्याचे मूल्यमापन करणे न्याय्य होणार नाही.

७१२ साली अरबांनी समरकंद जिंकले. ७५५ साली सोग्दी पित्याचा पुत्र असलेल्या आन लुशानने चीनमध्ये बंड केले आणि तेथील सोग्दी संशयास्पद ठरले. हळूहळू त्यांची भाषा लोपली. तिच्या एका बोलीची वारस असलेली यग्नोबी तेवढी ताजिकिस्तानात अजून बोलली जाते. त्यांची लिपी मात्र उइगुरांनी उचलली व त्यांच्याकडून ती मंगोलांकडे गेली.

परमुलखात नांदणाऱ्या मंडळींनी ह्यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी, असे आम्हांस वाटते. वर्गणीच्या वह्या व समारंभांची छायाचित्रे आपण जपतोच. त्यांच्या जोडीला मदत मागणाऱ्यांचे अर्ज आणि तक्रारीची पत्रेही जपावीत. शिवाय ती वेळीच वाचावीत. मिवनायचे पत्र वाचले गेले, ते सोळाशे वर्षांनी.