चित्रकथांतील रणगाडा

इतिहास जसा शब्दांनीं लिहितां येतो, तसा रेघांनींही लिहितां येतो. आणि मुलांच्या मनांत रेघांचा इतिहासच अधिक काळ टिकतो. श्रोतेहो, कर्जत तालुक्यांतील कळंबसारख्या गांवीं वाढणाऱ्या मुलाला खरा रणगाडा पाहण्याचा योग विरळाच. त्याच्या हातीं येते ती युद्धाची चित्रकथा. तींत जें रेखाटलें असेल तेंच त्याचें युद्ध. म्हणून तें चित्र खरें आहे कीं नाहीं, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं.

अनंत पै यांनीं १९६७ मध्यें मुंबईंत आरंभिलेल्या ‘अमर चित्र कथा’ मालिकेनें २०१५ मध्यें परमवीरचक्राच्या एकवीस मानकऱ्यांच्या कथा एका ग्रंथांत आणल्या. त्यांत रणगाड्यांवर लढलेले वीर दोन, व दोघेही ‘पूना हॉर्स’ या रिसाल्याचे. मुंबईंत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजीं, आणि पुण्यांत जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ रोजीं धारातीर्थीं पडले.

दोघांचेही रणगाडे ‘सेंच्युरियन’ जातीचे, समोर ‘पॅटन’. चित्रकाराची पहिली कसोटी येथेंच लागते. सेंच्युरियनचें धूड चौकोनी, चाकांवर बाजूनें लोखंडी पत्रे. पॅटनचें अंग होडीच्या बुडासारखें गोलसर, तोफेचा बुरूज घुमटासारखा, चाकें उघडीं. दोन्ही एकाच साच्यांतून काढले, तर कोण कोणावर चालून गेला हेंच वाचकास उमगत नाहीं.

दुसरी कसोटी चेहऱ्याची. पोलादाच्या पेटींत चार माणसें कोंडलेलीं. तीं दाखवावीं कशीं? चित्रकार अधिकाऱ्यास झांकणांतून छातीपर्यंत बाहेर काढतो. ही त्याची सोय वाटेल. परंतु १९६५ मध्यें सभोंवारचें नीट दिसावें म्हणून आपले अनेक अधिकारी खरोखरच तसे उभे राहून लढले. मात्र तोच अधिकारी गोळ्यांच्या वर्षावांत हंसतांना दाखविला, कीं धोका नाहींसा होतो. आणि धोक्यावांचून धैर्य कसलें?

खेतरपालांचा रणगाडा पेटला तेव्हां तो सोडून देण्याची आज्ञा बिनतारी यंत्रावरून झाली. तोफ अजून चालत होती, म्हणून त्यांनीं ती मानली नाहीं. वय अवघें एकवीस. ती आग चित्रांत दाहक नसेल, तर त्या नकाराचें मोल वाचकास कसें कळावें?

शत्रूच्या चित्रणाचेंही तसेंच. २००१ मध्यें खेतरपालांचे वृद्ध वडील पाकिस्तानांत गेले. त्यांचें आतिथ्य करणाऱ्या ब्रिगेडियर नासेर यांनींच त्यांस सांगितलें, कीं त्या दिवशीं समोरच्या रणगाड्यावर आपणच होतों. असा शत्रु भ्याड व विद्रूप रंगविला, तर आपल्या वीराचीच उंची घटते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. सेंच्युरियन व पॅटन दोन्ही तेथें उभे आहेत. मुलांस चित्रकथा अवश्य आणून द्यावी. पण सवड सांपडल्यास त्यांना तेथें न्यावें, आणि पुस्तक उघडून चित्रांतील चाकें खऱ्या चाकांशीं ताडून पाहावयास सांगावें.