न परतलेल्यांचे उत्तरकार्य

पार्वतीबाई १७८३ साली वारल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या पतीचेही उत्तरकार्य करण्यात आले. पती सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले होते १४ जानेवारी १७६१ रोजी. भाऊंचा देह सापडून त्याचे दहन झाल्याचे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. बावीस वर्षे त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. त्यांना भाबडे म्हणण्याची आपल्याला घाई असते. पण १७७६ मध्ये भाऊंच्या तोतयाने कोकणात बंड केले, तेव्हा त्याच्यामागे माणसे जमली आणि किल्लेही त्याच्या हाती गेले. वाट पाहणारी ती एकटीच नव्हती.

धर्मशास्त्राने अशा प्रसंगाची सोय करून ठेवली होती. माणूस परागंदा झाला, तर बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. पुढे इंग्रजी अमलातल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. पण माणूस जिवंत असल्याचा छापील मजकूरच हाती असेल, तर मुदत मोजायची कुठून?

हा प्रश्न दमयंती तांबे यांच्यापुढे उभा राहिला. त्या माहेरच्या सुभेदार. बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्याच वर्षी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पश्चिम आघाडीवर युद्ध पेटले आणि दोन-तीन दिवसांतच तांबे यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडले गेले. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते.

ढाका तेव्हा अजून पाकिस्तानात होते. तिथल्या ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’च्या ५ डिसेंबरच्या अंकात पकडलेल्या पाच भारतीय वैमानिकांचा उल्लेख आला. त्यात एक नाव होते फ्लाइट लेफ्टनंट ‘टोंबे’. मला ही चूकच बोलकी वाटते. ‘तांबे’ हे आडनाव इंग्रजीत उतरताना कोणा परक्याच्या हातून असेच बिघडेल. मनाने रचायचे म्हटले, तर ते कोणाला सुचले असते? अर्थात, माणूस त्या दिवशी जिवंत होता, एवढेच त्यावरून म्हणता येते. पुढचे त्यात काही नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये वाघ्याहून सहाशेवर भारतीय युद्धकैदी परतले. त्यांत तांबे नव्हते. भारताच्या ताब्यातले त्र्याण्णव हजार पाकिस्तानी १९७४ पर्यंत घरी गेले. त्याच वर्षाच्या शेवटी मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना मुलाच्या हातची चिठ्ठी मिळाली. सरकारी कागदांत ‘युद्धात कामी आले’ म्हणून नोंद झालेला मुलगा पाकिस्तानातून खुशाली कळवत होता! बेपत्तांच्या नातलगांना एकत्र आणायला ही चिठ्ठी पुष्कळ कारणीभूत झाली. १९७९ मध्ये लोकसभेतील एका उत्तरात चाळीस जणांची नावे देण्यात आली. पुढे यादी चोपन्नावर गेली. असे कैदी आपल्याकडे नाहीतच, हे पाकिस्तानचे उत्तर मात्र बदलले नाही.

आपल्याकडची अनास्थाही लपवण्यासारखी नाही. कैदी सोडवून घेण्याची खरी ताकद सिमल्याला होती, हातात त्र्याण्णव हजार माणसे असताना. ती वेळ निघून गेल्यावर उरल्या त्या याद्या आणि पत्रे.

दमयंतीबाई दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरीला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. दुसरे लग्न त्यांनी केले नाही. जून २००७ मध्ये चौदा नातलगांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले. त्यांत त्याही होत्या. एकेका शहरातला तुरुंग पाहून झाला, आणि मंडळी वाघ्यामार्गे परतली. ज्यांना शोधायला गेली होती, त्यांतले कोणी भेटले नाही. तोवर दमयंतीबाईंच्या लग्नाला सदतीस वर्षे झाली होती.