फलटणची ‘नारी सुवर्णा’ आणि कोकराचे मोल

दख्खनी मेंढीचे कोकरू घेताना पाठीच्या कण्यावरचे मांस बोटांनी चाचपून आणि दात पाहून (दुधाचे दात पडून पहिली जोडी आली की जनावर ‘दोनदाती’) उक्ता, म्हणजे वजनाविना ठोक, भाव ठरवण्याची रीत जुनी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या ठेंगण्या गॅरोल मेंढीच्या संकरातून ‘नारी सुवर्णा’ घडवली, तेव्हा ही परीक्षा अपुरी पडली; कारण जुळी देण्याचा गुण ज्या ‘फेक-बी’ जनुकात, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या घटकात, असतो, तो हाताला लागत नाही. २००१ मध्ये या जनुकातील बदल ओळखला गेला आणि रक्ततपासणीने तो कोकरातच कळू लागला. पैदाशीच्या मादी कोकराचा भाव केवळ अंगावरच्या मांसावरून करणे, त्यामुळे, विकणाऱ्यावर अन्याय आहे.