हुकूम आणि हकीकत

हुकूम सुटला म्हणजे अंमल झाला, असे नव्हे. संगणकांच्या जाळ्यातील स्विच या यंत्राच्या बाबतीतही हेच खरे. कोणते पोर्ट चालू आहे, किती पॅकेटे गेली, किती गळाली, हे यंत्रालाच विचारता यावे म्हणून १९८८ साली एसएनएमपी हा संकेत सिद्ध झाला. विचारपुशीस तो पुरेसा होता. मांडणी बदलण्यासाठी मात्र चालक बहुधा हातानेच आज्ञा टंकीत. पडद्यावर उमटलेले उत्तर माणसासाठी असे. ते प्रोग्रॅमने वाचावयाचे, तर उत्पादकाने एखादा शब्द बदलताच सारा खटाटोप वाया जाई.

जून २००२ मध्ये अमेरिकेतील रेस्टन येथे चालक व संकेतकार एकत्र बसले. ठरविलेली मांडणी, प्रत्यक्ष स्थिती आणि आकडेवारी यांत स्पष्ट भेद हवा, हे तेथे आग्रहाने मांडले गेले. त्यातून २००६ साली नेटकॉन्फ आणि २०१० साली यांग ही वर्णनभाषा अवतरली. २०१७ साली रेस्टकॉन्फने हीच माहिती वेबच्या परिचित वाटेने खुली केली. आता प्रत्येक उत्तर नावनिशीवार मिळू लागले. पोर्ट चालू ठेवण्याचा हुकूम दप्तरी असतो, तार मात्र तुटलेली असते. ही तफावत वेळीच कळणे, यातच या साऱ्या खटपटीचे सार्थक आहे.